हत्ती त्यांचा, चारा गावाचा

दिवाळीच्या दिवसांत कोणावर रागावू नये, अशी आमच्या आईची शिकवण होती. चार दिवस तोंडात चकली-करंजी असावी, कडू शब्द नसावा, असे ती म्हणे. मात्र नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडताना ती हळूच सांगे, "वर्षभराचं कडू असेल ते आत्ताच चिरडून टाक आणि मग फराळाला बस." आईची आज्ञा प्रमाण मानून मी यंदाचे माझे कारीट ह्या पानांवर फोडणार आहे. वाचकांनी पाय जरा बाजूला घ्यावेत, एवढीच विनंती.

माझे कडू आहे ते एका स्टेडियमविषयी. खेळाचे मला वावडे नाही. पोरेसोरे जेथे घाम गाळतात त्या जागेला मी देवळाइतकाच मान देतो. माझा राग आहे तो कोट्यधीशाच्या धंद्यासाठी गावाच्या तिजोरीतून बांधलेल्या स्टेडियमवर, आणि ते बांधले नाही तर "हा मी चाललो" म्हणून गावाला धमकावणाऱ्या वृत्तीवर. ही गोष्ट अमेरिकेतली, ओकलंड नावाच्या शहरातली आणि बेसबॉल नावाच्या खेळातली आहे.

कोणी म्हणेल, "अहो, तुम्ही लहानपणी विटीदांडू खेळलात, म्हातारपणी पत्ते खेळता, अमेरिकेतल्या कोणा मालकाने आपला संघ कोठे नेला तर तुमच्या पोटात का दुखावे?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर घरचेच आहे. माझी मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियात फ्रीमाँट गावी राहतात. फ्रीमाँट येते अलमेडा काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभार, आणि ओकलंड हे तिचे मुख्य शहर. जावई इमानेइतबारे घराचा कर भरतात. त्या कराच्या पैशांतून जी काउंटीची तिजोरी भरते, तीच तिजोरी पळून गेलेल्या एका फुटबॉल संघाच्या कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षे फेडीत होती, हे मला तिकडे गेल्यावर कळले. लेकीच्या घरातले दूध कोण पिऊन जातो, हे पाहायला बापाला बेसबॉल कळावा लागत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी फ्रीमाँटला होतो. १३ जूनच्या दुपारी जावई म्हणाले, "बाबा, आज सामन्याला चला. पण एक सांगतो, आज लोक खेळ पाहायला जात नाहीत, निषेध करायला जाताहेत." तिकीट काढून निषेधाला जायचे हा प्रकार मला नवा होता. आपल्याकडे निषेध म्हणजे बहिष्कार. येथे सगळेच उलटे होते. संघाचा मालक सांगत होता की ह्या गावाला संघाची कदर नाही, लोक येत नाहीत, म्हणून मी जातो. तेव्हा लोकांनी ठरवले की एक दिवस झाडून सगळ्यांनी यायचे आणि गर्दीनेच त्याला खोटे पाडायचे. ह्याला त्यांनी नावही "उलटा बहिष्कार" असेच दिले होते.

आम्ही कॉलिसियम स्थानकावर उतरलो आणि लांबलचक पुलावरून स्टेडियमकडे निघालो. पुलाच्या दोन्ही बाजूंना तारांचे कुंपण, खाली मालगाड्यांचे रूळ आणि समोर काँक्रीटचा एक प्रचंड, करडा वाडगा. जत्रेला लोटावीत तशी माणसे लोटली होती. बहुतेकांच्या अंगात हिरवे सदरे, आणि त्यांवर छातीभर अक्षरांत एकच शब्द: "सेल". म्हणजे वीक! संघ विकून टाक आणि येथून चालता हो, पण संघ येथेच राहू दे, असा त्या एका शब्दाचा अर्थ. त्या वर्षी ज्या मैदानावर कित्येक संध्याकाळी जेमतेम काही हजार डोकी जमत, तेथे त्या दिवशी २७,७५९ माणसे आली. सामनाभर "सेल द टीम"चा गजर चालू होता. माझ्या शेजारी माझ्याच वयाचे एक कृष्णवर्णीय आजोबा नातवाला मांडीशी घेऊन बसले होते. त्यांना त्यांच्या वडिलांनी ह्याच मैदानावर आणले होते, त्यांनी आपल्या मुलाला आणले आणि आता नातू. ते मला म्हणाले, "मी ह्याला खेळ शिकवायला आणतो. आज निरोप घ्यायला शिकवावं लागतंय." ह्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. मी पोराच्या हातावर खिशातली चिक्की ठेवली.

तो सामना ओकलंडने २-१ असा जिंकला. लोक नाचले. पण त्याच दिवशी नेव्हाडा राज्याच्या वरिष्ठ सभागृहाने ह्याच संघासाठी लास वेगासला स्टेडियम बांधायला सरकारी पैसे देणारे विधेयक मंजूर केले होते. दुसऱ्या दिवशी कनिष्ठ सभागृहाने त्यावर मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी, १५ जूनला, राज्यपालांची सही झाली. इकडे लेक जाऊ नये म्हणून आईबाप दारात रडत आहेत आणि तिकडे मांडवात अक्षता पडूनही गेल्या आहेत, असा तो देखावा होता.

आता ह्या संघाविषयी थोडे. बेसबॉल म्हणजे चेंडू-दांडूचाच खेळ. नऊ डाव, चार कोपऱ्यांचे मैदान, चारही कोपरे धावून घरी परतला तर एक धाव. ओकलंडच्या संघाचे नाव अ‍ॅथलेटिक्स. १९०१ साली तो फिलाडेल्फियात जन्मला, १९५५ साली कॅन्सस सिटीत गेला, १९६८ साली ओकलंडला आला आणि येथे मात्र त्याचे नशीब फळफळले. १९७२, १९७३, १९७४ अशी लागोपाठ तीन वर्षे आणि पुन्हा १९८९ साली त्याने जगज्जेतेपद मिळवले. ह्याच शहरात वाढलेला रिकी हेंडरसन ह्या संघातून पुढे आला आणि कारकिर्दीत १४०६ कोपरे चोरून त्याने जो विक्रम केला तो आजतागायत कोणी मोडलेला नाही.

ह्या संघाचे बोधचिन्ह आहे पांढरा हत्ती. मला प्रथम हे थट्टेचे वाटले, पण ते खरे आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या प्रतिस्पर्धी संघाचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ ह्याने फिलाडेल्फियाच्या ह्या नव्या संघाला हेटाळणीने "पांढरा हत्ती" म्हटले. म्हणजे पोसता पोसता मालक भिकेला लागेल अशी वस्तू. संघाचा व्यवस्थापक कॉनी मॅक मोठा हिकमती. त्याने शिवी उचलली आणि बिल्ला म्हणून छातीवर लावली. एवढ्या वर्षांत त्या हत्तीत एकच बदल झाला आहे. मॅग्रॉच्या मते तो मालकाला भिकेला लावणार होता. आता तो गावाला लावतो.

मालक भिकेला लागतो, ही समजूत आधी दूर केली पाहिजे. जॉन फिशर हे गृहस्थ कपड्यांच्या प्रसिद्ध "गॅप" दुकानांच्या संस्थापकांचे चिरंजीव. त्यांनी आणि त्यांच्या भागीदाराने २००५ साली हा संघ सुमारे १८ कोटी डॉलरना विकत घेतला. २०२३ साली "फोर्ब्स" मासिकाने त्याच संघाची किंमत १०० कोटींहून अधिक धरली होती. आणि मैदानावर काय चालले होते? चांगला खेळाडू तयार झाला की त्याला वाढीव पगार देण्याची वेळ येण्याआधी दुसऱ्या संघाकडे पाठवायचे. २०२२ साली मॅट ऑल्सन गेला, मॅट चॅपमन गेला, वर्षाअखेर शॉन मर्फी गेला. २०२३ च्या हंगामात संघाने १६२ सामन्यांपैकी ११२ गमावले. हरता हरता मालकाची मत्ता पाचपटीहून अधिक वाढते, असा धंदा कुबेरालाही सुचला नसेल. दुकानदाराने आपणच ताजा माल काढून टाकावा, फळ्यांवर शिळे ठेवावे आणि मग म्हणावे की गिऱ्हाईक कृतघ्न आहे, आता मला नवे दुकान बांधून द्या! अशा दुकानदाराला आपल्याकडे काय म्हणतात ते दिवाळीच्या अंकात छापता येत नाही.

स्टेडियम जुने झाले होते, हे मी नाकारीत नाही. १९६६ सालची इमारत. २०१३ साली खेळाडूंच्या खोल्यांत मैलापाणी शिरले. २०२३ साली समालोचकांच्या खोलीत घुशीसारखा ओपॉसम नावाचा प्राणी मुक्कामाला होता. पण घर जुने झाले की राहणारा ते दुरुस्त करतो, किंवा आपल्या पैशाने नवे बांधतो. शेजाऱ्याची पेटी फोडीत नाही.

मग हे मालक लोक गावापुढे हात पसरण्याचे धाडस करतात तरी कसे, आणि गावे देतात तरी का? ह्याचे मर्म एका साध्या गोष्टीत आहे. ह्या खेळाच्या सर्वोच्च पंगतीत ३० संघ आहेत. पाने वाढवायची की नाही हे ठरवतात तेच पंगतीला बसलेले ३० मालक. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही. संघ हवा असलेली शहरे नेहमी संघांपेक्षा चार अधिक राहतील, एवढी काळजी घेतली की काम झाले. एक तरी शहर उपवर मुलीच्या बापासारखे हुंड्याची थैली घेऊन दारात उभे असतेच. त्याच्याकडे बोट दाखवून दुसऱ्याला लुटायचे.

फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गने तर कमाल केली. संघ नसताना स्टेडियम बांधले. १९९० साली ते उभे राहिले आणि बेसबॉलचा संघ तेथे आला १९९८ साली. नवरा ठरण्याआधी मांडव घातला आणि मांडवाखाली आठ वर्षे वाट पाहिली! तोवर इतर गावांचे मालक त्या रिकाम्या मांडवाकडे बोट दाखवून आपापल्या गावांकडून मागण्या मान्य करून घेत होते. शिकागोला १९८८ साली ह्याच धाकाने नवे स्टेडियम मंजूर करावे लागले.

ह्याला धमकी म्हणत नाहीत. ह्याला म्हणतात "विकास". स्टेडियम आले की हॉटेले येतील, रोजगार येतील, कर वाढतील आणि दिलेला डॉलर दुप्पट होऊन परत येईल, असे नकाशे-तक्ते घेऊन येणारे पंडित सांगतात. मी अर्थशास्त्रज्ञ नाही, पण घर चालवले आहे. त्या १३ जूनला आम्ही चौघांनी तिकिटे, गाडी आणि खाणे ह्यांवर जो खर्च केला, त्यामुळे त्या आठवड्यात आम्ही सिनेमाला गेलो नाही आणि शनिवारचा फ्रीमाँटमधला डोसाही चुकला. डोसेवाल्याचे गेले ते स्टेडियमवाल्याला मिळाले. काउंटीच्या एकूण उत्पन्नात भर किती पडली? पैशाचीही नाही. करमणुकीची थैली घरात एकच असते. ती कोठे सोडायची एवढाच प्रश्न असतो. शिवाय एका संघाचे घरच्या मैदानावर वर्षाला ८१ सामने. उरलेले २८४ दिवस त्या राजवाड्यात बहुतेक शुकशुकाट. एवढ्या जागेत एखादी शाळा, कारखाना, इस्पितळ वर्षभर चालते. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली ह्याच विषयावर एक जाडजूड ग्रंथ संपादित केला. त्याचा निष्कर्ष असा की अशा स्टेडियमांतून सरकारी पैशाला वाजवी म्हणावा असा परतावा कोठेही मिळालेला दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञांचे एकमेकांशी सहसा पटत नाही. पण ह्या एका प्रश्नावर बहुतेक सगळे एका सुरात बोलतात. दोन ज्योतिषी एक मुहूर्त सांगू लागले की समजावे, ग्रह खरेच तसे असले पाहिजेत.

लास वेगासचे लोक म्हणतात, आमचे वेगळे आहे, आमच्याकडे पाहुणे बाहेरून येतात. येतात खरे. पण लास वेगासला जाणारा पाहुणा खिसा मोकळा करण्याच्या तयारीनेच उतरतो. तो संध्याकाळ स्टेडियमात घालवील तर तेवढा वेळ आणि तेवढे पैसे नाटकगृहाचे किंवा जुगाराच्या टेबलाचे कमी होतील. ज्या गावात पैसे उडवायच्या हजार जागा आहेत, तेथे हजार-एकावी जागा सरकारने का बांधून द्यावी?

आता ओकलंडचे कर्ज पाहा, म्हणजे धमकीपुढे वाकल्याने काय मिळते ते कळेल. रेडर्स नावाचा फुटबॉल संघ १९८२ साली ओकलंड सोडून लॉस एंजलिसला गेला. त्याला परत आणण्यासाठी १९९५ साली शहर आणि काउंटी ह्यांनी मिळून वीस कोटी डॉलरांच्या घरातले कर्ज काढले आणि त्याच कॉलिसियमला एक अजस्र नवा सज्जा बांधला. आसनांचे परवाने विकून सगळे पैसे वसूल होतील, असे सांगितले होते. ते तसे विकले गेले नाहीत. त्या सज्जाने बेसबॉल पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढची ओकलंडची सुंदर टेकडी मात्र कायमची झाकून टाकली. रेडर्स पंचवीस वर्षे राहिले आणि २०२० साली लास वेगासला गेले, कारण नेव्हाडाने तेथे ७५ कोटी डॉलर देऊ केले होते. संघ गेला, हप्ते राहिले. नवरदेव पळाला आणि बँडवाल्याचे पैसे वधूपिता त्यानंतरही वर्षानुवर्षे देत राहिला!

बेसबॉल संघानेही दारोदार फिरून पाहिले. २००६ साली तो आमच्या फ्रीमाँटलाच यायला निघाला होता. लोकांचा विरोध झाला आणि २००९ साली बेत बारगळला. पुढे ओकलंडच्या बंदरावर ५५ एकरांत १२०० कोटी डॉलरची अख्खी नगरी वसवायची आणि तिच्या मधोमध स्टेडियम, अशी योजना निघाली. शहर वाटाघाटी करीत राहिले. एप्रिल २०२३ मध्ये एके दिवशी बातमी आली की मालकांनी लास वेगासला जागा पाहिली. गंमत अशी की त्या काळात संघाच्या जाहिरातींतले घोषवाक्य होते "आमची मुळे ओकलंडमध्ये". मुळे होती, पण कुंडीतली!

नेव्हाडाने ३८ कोटी डॉलरपर्यंत द्यायचे कबूल केले. त्यांतले १८ कोटी राज्याच्या करसवलतीच्या पत्रांतून. ही पत्रे संघाने दुसऱ्याला विकून रोकड करावी. १२ कोटी काउंटीच्या कर्जरोख्यांतून. स्टेडियम नावाला सरकारी मालकीचे राहील, म्हणून त्यावर मालमत्ता-कर नाही. म्हणजे मालकी सरकारची, जोखीम सरकारची आणि नफा संघाचा. राज्यातल्या शिक्षकांच्या संघटनेने विचारले की शाळांना पैसे नाहीत, मग स्टेडियमला कोठून आले? त्यांनी लोकांचे मत घ्यावे म्हणून अर्ज तयार केला, पण मे २०२४ मध्ये नेव्हाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या अर्जाच्या मसुद्यात उणीव काढून तो बाद ठरवला. लोकांना विचारायचेच राहून गेले.

कोणी म्हणेल, नवे स्टेडियम मिळाले की धडपडणारा संघ सुधारतो, एकदा देऊन तर पाहा. मायामीने देऊन पाहिले आहे. तेथील संघ जेफ्री लोरिया ह्यांनी २००२ साली १५.८ कोटी डॉलरना घेतला होता. ६० कोटींहून अधिक खर्चाचे, सरकत्या छपराचे स्टेडियम बहुतांशी सार्वजनिक पैशातून उभे राहिले. हा करार आणि वाढीव कर ह्यांवर लोक असे खवळले की मार्च २०११ मध्ये त्यांनी काउंटीच्या महापौरांना मत देऊन घरी बसवले. २०१२ च्या एप्रिलमध्ये स्टेडियम उघडले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मालकांनी संघातले महागडे खेळाडू एका सौद्यात टोराँटोला देऊन टाकले. पहिल्या वर्षी सुमारे २२ लाख प्रेक्षक आले, दुसऱ्या वर्षी १६ लाखांच्या आत. २०१७ साली लोरियांनी संघ १२० कोटींना विकला. संघ सुधारला नाही. मालकाची प्रकृती मात्र सुधारली.

आणि न दिल्यास काय होते? त्याचे उत्तर ओकलंडच्या घाटावरून दिसते. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को आहे. तेथील जायंट्स संघानेही असाच हात पसरला होता. १९८७ ते १९९२ ह्या काळात त्या परिसरातल्या मतदारांपुढे चार वेळा प्रश्न ठेवला गेला आणि चारही वेळा लोकांनी "नाही" म्हटले. १९९२ साली संघ फ्लोरिडाला, त्याच रिकाम्या मांडवात, जवळजवळ गेलाच होता. पण स्थानिक मंडळींनी पुढे होऊन तो विकत घेतला आणि जवळजवळ सगळ्या खाजगी पैशातून खाडीच्या काठावर स्टेडियम बांधले. २००० साली ते उघडले. २०१०, २०१२ आणि २०१४ साली संघ जगज्जेता झाला. गावाने "नाही" म्हटले म्हणून आभाळ कोसळले नाही. मालकांना स्वतःची थैली सापडली, एवढेच.

माझ्या ह्या म्हणण्यावर जावयांनी एक आक्षेप घेतला आणि तो मला मोलाचा वाटतो. ते म्हणाले, "बाबा, सगळंच पैशात मोजता येत नाही. आम्ही परदेशातून येथे आलो तेव्हा ह्या गावात आमचं कोण होतं? हा संघ होता. टोपी घातली की अनोळखी माणूस बोलायचा. त्याची किंमत काय करायची?" हे अगदी खरे आहे. देऊळ, वाचनालय, तालीम, मैदान ह्यांनी गाव बांधले जाते आणि त्यांवर पैसा खर्च करायला मी मुळीच आडवा येणार नाही. पण मी म्हणतो, हे मोल निर्माण कोणी केले? मालकाने नव्हे. तीन पिढ्या पोरांना खांद्यावर घेऊन येणाऱ्या त्या शेजारच्या आजोबांनी केले. मालक जे विकायला काढतो ते लोकांचेच प्रेम, आणि गिऱ्हाईक म्हणून उभे करतो तेही त्याच लोकांना. मुलीला पळवून न्यावे आणि बापाकडे तिच्या वाढवणुकीचा खर्च मागावा, तसे हे आहे. प्रेम जितके खरे तितकी खंडणी मोठी. म्हणूनच मला ह्या व्यवहाराचा राग येतो. तोट्याचे सौदे माणसे नेहमीच करतात. पण येथे माणसांच्या चांगुलपणालाच दोर बांधून त्यांना ओढले जाते.

तेव्हा माझा नियम साधा आहे. मालकाने स्वतःच्या पैशाने स्टेडियम बांधावे आणि सुखाने नफा खावा. किंवा गावाकडून पैसे घ्यावेत आणि गावाला भागीदार करावे. हे अशक्य नाही. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील फुटबॉल संघ १९२३ सालापासून लोकांच्या भागभांडवलावर चालतो. भागधारकांना नफा वाटला जात नाही, पण संघ कोणी एक माणूस उचलून नेऊ शकत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये मोठ्या शहरांचे संघ गावे बदलत राहिले. त्या खेड्यातला संघ तेथेच आहे. म्हणूनच की काय, त्या खेळाच्या मालक-मंडळाने असा दुसरा संघ निघू नये असा नियम करून ठेवला आहे. चोरांनी कुलपांवर बंदी घालावी, त्यातलाच प्रकार!

२६ सप्टेंबर २०२४ रोजी कॉलिसियममध्ये शेवटचा सामना झाला. ४६,८८९ लोक आले. अ‍ॅथलेटिक्स ३-२ असे जिंकले. मी तेव्हा इकडे परत आलो होतो. मुलीने फोन करून सांगितले की माणसे मैदानातली माती पिशव्यांतून घरी नेत होती. तेव्हापासून संघ सॅक्रमेंटोजवळच्या सुमारे १४,००० प्रेक्षकांच्या एका लहान मैदानावर बिऱ्हाडकरूसारखा उतरला आहे. लास वेगासचे भूमिपूजन जून २०२५ मध्ये झाले, २०२८ साली तेथे खेळायचे असा बेत आहे आणि खर्चाचा आकडा २०० कोटींच्या घरात गेला आहे. मधल्या काळात संघाने आपल्या नावापुढे कोणत्याच गावाचे नाव लावायचे नाही असे ठरवले. नुसते "अ‍ॅथलेटिक्स". आपल्याकडे ज्याला गाव नाही त्याला काय म्हणतात हे मी सांगायला नको.

ओकलंड मात्र हातावर हात देऊन बसले नाही. शहराच्या पश्चिम भागात रायमोंडी पार्क नावाचे जुने सार्वजनिक मैदान आहे. २०२४ साली "बॉलर्स" नावाच्या एका नव्या, छोट्या संघाने ते स्वतःच्या खर्चाने नीट केले आणि तेथे खालच्या पायरीच्या स्पर्धेतला बेसबॉल सुरू केला. नंतर संघाने लोकांपुढे भाग विक्रीला काढले आणि दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी ते घेतले. २०२५ साली ह्या संघाने आपल्या स्पर्धेचे अजिंक्यपद मिळवले. जावयांनी नातीच्या नावाने त्यातला एक लहानसा भाग घेतला आहे. कागद चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला आहे म्हणे. त्यातून नफा मिळेल असे तिला कोणी सांगितलेले नाही आणि तिने विचारलेलेही नाही. आपल्याकडची मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात तेव्हा माती कोणाची, मजुरी कोणाची, हे कोठे विचारतात? मात्र तो किल्ला शेजारच्याने उचलून नेला आणि "बघायचा असेल तर पैसे टाका" म्हणाला, तर तीच मुले त्याच्या दारात जाऊन काय गोंधळ घालतील!

माझे कारीट फुटले. आता फराळाला बसू या.